एझ्रिन सक्रिय होताना त्याच्या रचनेत नेमके काय बदलते?

आपल्या प्रश्नाचा गाभा असा आहे. माणसाच्या एझ्रिन या प्रथिनाच्या सक्रिय रूपातील फर्म डोमेनची (म्हणजे प्रथिनाच्या सुरुवातीच्या, स्वतंत्र घडी असलेल्या भागाची) स्फटिकरचना आणि मोएसिन या त्याच्या भावंड-प्रथिनाची सुप्त अवस्थेतील रचना आपण संगणकावर एकमेकींवर बसवून पाहिल्या, त्यांत फारसा फरक आढळला नाही, आणि पाठ्यपुस्तके ज्याला ‘प्रथिन उघडणे’ म्हणतात तो बदल मग आहे तरी कुठे, अशी शंका आपल्याला आली. जोडीला आपण असेही विचारले आहे, की ५६७ व्या जागचे थ्रिओनीन काढून तेथे ॲस्पार्टिक आम्ल घातले, तर ते प्रथिन पूर्ण सक्रिय धरून प्रयोग करता येतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याची कारणे पुढे ओघाने येतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब आहे, कारण या प्रथिनात बदल दोन पातळ्यांवर होतो. एक पातळी डोमेन एकमेकांपासून सुटण्याची, जी सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी पातळी फर्म डोमेनच्या आतल्या बांधणीची घट्टता कमी होण्याची आहे, आणि माझ्या मते एझ्रिन समजून घेण्यासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे.

आधी प्रथिनाची ओळख थोडक्यात करून घेऊ. एझ्रिन, रॅडिक्सिन आणि मोएसिन ही तीन जवळची भावंडे. पेशीपटल आणि त्याच्या आतल्या बाजूस असलेले ॲक्टिनचे तंतू यांना जोडणे हे त्यांचे मुख्य काम. ॲन्थनी ब्रेट्शर यांनी १९८३ मध्ये कोंबडीच्या आतड्यातील पेशींच्या सूक्ष्मांकुरांतून (पृष्ठभागावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांतून) सुमारे ८० किलोडाल्टनचे एक प्रथिन शुद्ध करून त्याचे वर्णन केले, तेच एझ्रिन. माणसाच्या एझ्रिनमध्ये ५८६, रॅडिक्सिनमध्ये ५८३ आणि मोएसिनमध्ये ५७७ अमिनो आम्ले असतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये प्रामुख्याने एझ्रिन, तर लसिकापेशींमध्ये मोएसिन भरपूर, अशी त्यांची साधारण वाटणी आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार २ या आजाराशी संबंधित, १९९३ मध्ये सापडलेले मर्लिन हे प्रथिनही याच घराण्यातले आहे, पण त्याचे काम आणि नियमन वेगळे असल्यामुळे त्याचा विचार येथे करत नाही.

तिन्ही प्रथिनांची मांडणी एकसारखी आहे. सुरुवातीची सुमारे ३०० अमिनो आम्ले म्हणजे फर्म डोमेन. हा भाग पेशीपटलातील लिपिडांना आणि पटलावरील प्रथिनांच्या आतल्या टोकांना धरतो. त्यानंतर सुमारे १७० अमिनो आम्लांचा, जवळजवळ संपूर्णपणे अल्फा-सर्पिलांचा बनलेला मधला पट्टा येतो. शेवटची साधारण १०० अमिनो आम्ले म्हणजे शेपूट, आणि तिच्या अगदी टोकाच्या तीसेक अमिनो आम्लांत ॲक्टिनच्या तंतूला धरण्याची जागा असते. सुप्त अवस्थेत ही शेपूट मागे वळून स्वतःच्याच फर्म डोमेनवर घट्ट बसते. त्यामुळे फर्म डोमेनवरील अनेक जागा झाकल्या जातात, शेपटीतील ॲक्टिन धरण्याची जागाही दडून राहते, आणि प्रथिन पेशीद्रवात असूनही कोणतीच जोडणी करू शकत नाही.

फर्म डोमेनमध्ये तीन खंड असतात. एफ१ ची घडी युबिक्विटिनसारखी, एफ२ ची ॲसिल-कोए बांधणाऱ्या प्रथिनासारखी आणि एफ३ ची पीएच व पीटीबी डोमेनसारखी आहे. तिन्ही खंड एकमेकांना चिकटून त्रिदल पानासारखा एक संच तयार होतो. २००० साली पिअर्सन, रेझेक, ब्रेट्शर आणि कार्प्लस यांनी मानवी मोएसिनच्या फर्म डोमेनची शेपटीसह असलेली रचना प्रसिद्ध केली. प्रथिन-रचनांच्या सार्वजनिक संग्रहात ती १ईएफ१ या क्रमांकाने आहे. सुप्त अवस्था कशी असते हे अणूंच्या पातळीवर तिच्यामुळे पहिल्यांदा दिसले. शेपूट स्वतः गोळा होऊन एका जागी चिकटलेली असेल, असा अनेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती लांब पसरून, वळणे घेत, एफ२ आणि एफ३ या दोन खंडांच्या पृष्ठभागावर मोठ्या क्षेत्रावर बसलेली आढळली. तिच्यात एक बीटा-पट्टी आणि काही लहान सर्पिले आहेत, पण या सगळ्यांना एकत्र धरणारा तिचा स्वतःचा गाभा असा नाही. फर्म डोमेनच्या आधारावाचून तिला हा आकार राहणार नाही, हे चित्र पाहताच लक्षात येते. एफ१ खंडाशी मात्र तिचा संबंध नगण्य आहे, आणि पुढच्या विवेचनासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शेपूट अशी पसरून बसलेली असल्यामुळे आणखी एक शक्यता निर्माण होते, जिच्याकडे त्या लेखकांनीच लक्ष वेधले होते. मोठ्या क्षेत्रावरची पकड एका झटक्यात सुटण्याचे कारण नाही. वेगवेगळे संकेत तिचे वेगवेगळे भाग सैल करू शकतात, आणि त्यातून सक्रियतेच्या कमी-अधिक पायऱ्या तयार होऊ शकतात. एझ्रिनसंबंधी ‘बंद’ आणि ‘उघडे’ अशी दोनच रूपे मनात धरून चालल्यामुळे प्रयोगांच्या अर्थात बराच गोंधळ होतो, म्हणून मी या मुद्द्यावर मुद्दाम भर देतो.

आता सक्रिय रूपाकडे येऊ. शेपटीशिवाय असलेल्या मोकळ्या फर्म डोमेनला आपण सक्रिय रूपाचा नमुना मानतो. २००० साली हमादा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या रॅडिक्सिनचे मोकळे फर्म डोमेन आणि इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट (पटलातील पीआयपी२ या लिपिडाच्या डोक्याकडचा भाग) बांधलेले फर्म डोमेन, अशा दोन्ही रचना दिल्या. २००१ मध्ये एडवर्ड्स आणि कीप यांनी मोएसिनच्या सक्रिय फर्म डोमेनची २.७ अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना दिली (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग; विभेदनाचा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट) आणि सक्रिय होताना काय बदलते याची पहिली पद्धतशीर मांडणी केली. २००३ मध्ये स्मिथ, नासर, ब्रेट्शर, सेरिओनी आणि कार्प्लस यांनी मानवी एझ्रिनच्या २ ते २९७ या भागाची २.३ अँगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली. आपण वापरलेली १एनआय२ ही तीच. या तिसऱ्या रचनेचे मोल तिच्या स्पष्टतेत आहेच, पण त्याहून अधिक ते तुलनेत आहे. एक सुप्त रचना आणि एकच सक्रिय रचना हाताशी असेल, तर दिसलेला फरक सक्रियतेमुळे आहे, दोन प्रथिने वेगळी असल्यामुळे आहे, की स्फटिकातील शेजारच्या रेणूच्या दाबामुळे आहे, हे सांगता येत नाही. तीन वेगळ्या प्रथिनांच्या, तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, वेगळ्या स्फटिकांतून मिळालेल्या सक्रिय रचनांत तोच भाग त्याच दिशेने सरकलेला दिसला आणि सुप्त रचनेत मात्र तसा दिसला नाही, तर तो बदल सक्रियतेचाच आहे असे विश्वासाने म्हणता येते.

अशा तुलनेतून जे भाग निघाले ते असे: एफ२ खंडात १३५ ते १५० आणि १५५ ते १८० क्रमांकाची अमिनो आम्ले, आणि एफ३ खंडात २१० ते २१४ आणि २३५ ते २६७ क्रमांकाची. एफ१ मधला एकही भाग या यादीत नाही. शेपूट जेथे बसते तेच दोन खंड बदलतात, आणि जेथे ती बसत नाही तो खंड जसाच्या तसा राहतो.

आपल्याला फरक का दिसला नाही, याचे उत्तर तुलनेच्या पद्धतीत आहे. संपूर्ण फर्म डोमेनच्या सगळ्या अणूंना धरून दोन रचना एकमेकींवर बसवल्या, की संगणक उरलेला फरक सगळ्या डोमेनभर थोडा थोडा वाटून टाकतो. सुमारे तीनशे अमिनो आम्लांच्या डोमेनमध्ये काही मोजके पट्टे सरकले असतील, तर एकूण आरएमएसडीचा, म्हणजे दोन रचनांतील अणूंच्या सरासरी अंतराचा, आकडा लहानच येणार, आणि तो आकडा पाहून काहीच बदलले नाही असे वाटणार. त्याऐवजी फक्त एफ१ खंडाचे मुख्य साखळीतले अणू धरून रचना जुळवाव्यात आणि मग एफ२ व एफ३ मधील प्रत्येक अमिनो आम्ल किती सरकले याचा आलेख क्रमांकानुसार काढावा. एफ३ खंड पूर्णपणे वळला आहे की त्यातील काही भागच हलले आहेत, हे ओळखण्यासाठी दुसऱ्या फेरीत प्रत्येक खंड स्वतंत्रपणे जुळवून तोच आलेख पुन्हा काढावा. जो फरक पहिल्या आलेखात दिसतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो तो खंडाच्या वळण्याचा, आणि जो दोन्हींत टिकतो तो खंडाच्या आतला. वर सांगितलेले चार पट्टे तपासण्याचा सरळ मार्ग हाच आहे. रॅडिक्सिनची मोकळी रचना १जीसी७ आणि मोएसिनची सक्रिय रचना १ई५डब्ल्यू यांवरही हीच कृती करावी, म्हणजे एका स्फटिकाच्या खोडीला आपण नियम समजणार नाही.

मात्र जागा बदलणे ही निम्मीच गोष्ट झाली. एझ्रिनच्या त्या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारे निरीक्षण अणूंच्या चंचलतेविषयी आहे. स्फटिकरचनेत प्रत्येक अणूच्या जागेबरोबर एक बी-फॅक्टर दिलेला असतो. त्या अणूची जागा किती निश्चित आहे आणि तो किती हलतो, याचा अंदाज त्यावरून येतो. शेपूट बसलेली असताना एफ२ आणि एफ३ शांत असतात. शेपूट नसलेल्या सक्रिय रूपांत त्याच दोन खंडांची चंचलता खूप वाढलेली आढळते. म्हणजे शेपूट निघून गेल्यावर या खंडांचा नुसता पृष्ठभाग मोकळा होतो असे नाही, तर त्यांची स्वतःची बांधणीच ढिली पडते.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे, कारण बी-फॅक्टरचे आकडे वाचताना अनुभवी माणसांचीही गल्लत होते. दोन वेगळ्या रचनांचे बी-फॅक्टर जसेच्या तसे समोरासमोर ठेवू नयेत. विभेदन वेगळे असते, परिष्करणाची पद्धत वेगळी असते, स्फटिकाचा एकूण दर्जा वेगळा असतो, आणि या सगळ्यांचा परिणाम त्या आकड्यांत मिसळलेला असतो. म्हणून प्रत्येक रचनेत एफ१ खंडाची सरासरी एकक धरावी आणि एफ२ व एफ३ चे आकडे तिच्या प्रमाणात मांडावेत. ज्या भागांना स्फटिकातील शेजारच्या रेणूचा आधार मिळाला आहे ते भाग वेगळे काढावेत, कारण तेथील शांतता उसनी असू शकते. शक्य असेल तेथे इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उघडून तो पट्टा खरोखर किती स्पष्ट दिसतो हे डोळ्यांनी पाहावे. एवढे करूनही तिन्ही सक्रिय रचनांत एफ२ आणि एफ३ अधिक हलते राहतात, तेव्हाच त्या निरीक्षणावर पुढचा विचार रचता येतो.

तो पुढचा विचार म्हणजे कळीच्या दगडाची कल्पना. दगडी कमान बांधताना माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत बाकीचे दगड एकमेकांना नीट धरत नाहीत, आणि तो बसला की सगळी कमान एक होते. स्मिथ आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की एखादे प्रथिन किंवा प्रथिनाचा एखादा भाग दुसऱ्या प्रथिनाची अपुरी राहिलेली घडी स्वतःच्या अमिनो आम्लांनी पूर्ण करतो, तेव्हा तो पाहुण्यासारखा वर येऊन बसलेला नसतो, तर त्या रचनेचाच घटक झालेला असतो. असा भाग सहजासहजी सुटत नाही, आणि पेशीच्या सांगाड्यातील दीर्घकाळ टिकणाऱ्या जोडण्यांसाठी ही पद्धत सोयीची आहे. सुप्त एझ्रिनमध्ये हे काम शेपूट करते. ती निघाली की एफ२ आणि एफ३ अपुरे राहतात, आणि ती अपुरी जागा भरून काढणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला तेथे आपोआप संधी मिळते. याच आधारावर लेखकांनी एफ२ आणि एफ३ या प्रत्येक खंडात एकेक अशी, भागीदार प्रथिने बसण्याची दोन ठिकाणे वर्तवली.

या दृष्टीने पाहिले तर मोकळ्या फर्म डोमेनच्या स्फटिकरचनेकडे ‘सक्रिय एझ्रिनचे अंतिम रूप’ म्हणून पाहणे योग्य नाही. पेशीत सक्रिय एझ्रिन रिकामे राहत नाही. शेपटीच्या जागी भागीदार आला की बांधणी पुन्हा घट्ट होते, पण ती वेगळ्या प्रकारे. मोकळे फर्म डोमेन ही या दोन घट्ट अवस्थांमधली सैल अवस्था आहे. आपल्याला दोन चित्रांत फरक कमी वाटला याचे एक कारण हेही आहे, की सैलपणा स्थिर चित्रात दिसत नाही.

या कल्पनेला पुष्टी देणारा एक पुरावा पुढच्याच वर्षी आला. ईबीपी५० हे प्रथिन एझ्रिन घराण्याचे महत्त्वाचे भागीदार आहे. ते एका टोकाने फर्म डोमेनला धरते आणि आपल्या पीडीझेड नावाच्या, इतर प्रथिनांची टोके धरणाऱ्या डोमेनांनी पटलावरील वाहक प्रथिनांना जोडते. २००४ मध्ये फिनर्टी आणि सहकाऱ्यांनी मोएसिनच्या फर्म डोमेनवर ईबीपी५० चे टोक कसे बसते ते दाखवले. ते एफ३ खंडावर, सुप्त अवस्थेत मोएसिनची स्वतःची शेपूट जेथे असते तेथेच बसते. एका जागेसाठी दोन दावेदार असल्यामुळे शेपूट बसलेली असताना ईबीपी५० ला प्रवेश नाही, आणि ही झाकण्याची क्रिया प्रत्यक्ष आहे, दूरच्या बदलाचा परिणाम नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

पण सगळेच भागीदार त्या जागी बसत नाहीत. पटलावरील आयकॅम-२ या आसंजन प्रथिनाचे आतले टोक रॅडिक्सिनच्या एफ३ खंडावर कसे बसते, हे हमादा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले. ते पाचवी बीटा-पट्टी आणि शेवटचे सर्पिल यांच्या मधल्या खोबणीत बसते. ही खोबण शेपटीच्या जागेपासून वेगळी आहे, पण तिची पट्टीकडची कड २३५ ते २६७ या हलणाऱ्या भागातच येते. त्यामुळे शेपूट या खोबणीला थेट झाकत नसली तरी तिचा आकार बदलू शकते, असे मानण्यास आधार मिळतो. त्याच पट्ट्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. एझ्रिनमधील २५३, २५४, २६२ आणि २६३ या जागची चार लायसिने बदलली, तर पीआयपी२ या पटलातील लिपिडाशी त्याची बांधणी बिघडते आणि पेशीतील त्याचे स्थान बदलते. चारही लायसिने सक्रिय होताना सरकणाऱ्या पट्ट्यातच आहेत. पटलाशी असलेला संबंध आणि शेपटीची पकड या दोन वेगळ्या गोष्टी नसून त्या एकाच पट्ट्यातून एकमेकींशी बोलतात, असे मला वाटते. रॅडिक्सिनच्या रचनेत इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट एफ१ आणि एफ३ यांच्या मधल्या फटीत सापडले, हे मात्र विसरू नये. लिपिडासाठी एकापेक्षा अधिक जागा आहेत, आणि स्फटिकात एक दिसली म्हणून दुसरी नाही असे होत नाही.

कळीच्या दगडाच्या कल्पनेविषयी माझे एक मतही येथे नोंदवतो. एफ२ आणि एफ३ सैल होतात आणि भागीदार त्यांना पुन्हा घट्ट करतात, हा तिचा भाग मला पक्का वाटतो. अशा जोडण्या क्वचितच सुटतात, हा दुसरा भाग मात्र सरसकट लागू करता येत नाही. गार्बेट आणि ब्रेट्शर यांनी २०१२ मध्ये जिवंत पेशींच्या सूक्ष्मांकुरांत मोजून दाखवले, की ईबीपी५० ची अदलाबदल सेकंदांच्या हिशेबात होते, आणि त्याच सूक्ष्मांकुरांतील एझ्रिन त्यापेक्षा सावकाश बदलते. ज्या भागीदाराची जागा रचनेवरून सर्वांत कायमची वाटावी तोच सर्वांत लवकर ये-जा करतो. त्या कामात असेही दिसले, की ईबीपी५० च्या पीडीझेड डोमेनांना काय जोडले आहे यावर त्याचा मुक्काम ठरतो. रचनेवरून जागा कळते, जोडणी किती काळ टिकेल हे पेशीत मोजावेच लागते.

आता प्रथिन सक्रिय कसे होते याचा क्रम पाहू, कारण आपला दुसरा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. एझ्रिनमध्ये ५६७, रॅडिक्सिनमध्ये ५६४ आणि मोएसिनमध्ये ५५८ या जागी शेपटीत एक थ्रिओनीन असते, आणि त्याला फॉस्फेट जोडला जाणे ही सक्रियतेची ओळखीची खूण आहे. सुप्त रचनेत हे थ्रिओनीन फर्म डोमेनच्या पृष्ठभागाला लागून असते. तेथे फॉस्फेटचा मोठा आणि ऋणभारित गट आला तर शेपटीला तशीच बसून राहणे अवघड जाईल, हे सरळ आहे. अडचण वेगळीच आहे. थ्रिओनीन दडलेले असताना फॉस्फेट जोडणाऱ्या किनेज विकराला ते सापडणार कसे? फियेव्हे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की आधी पीआयपी२ शी बांधणी होते आणि मग फॉस्फेट जोडला जातो, हा क्रम उलटा चालत नाही. पुढे २०१७ मध्ये पेलसेयद, विश्वनाथ आणि ब्रेट्शर यांच्या गटाने या क्रमातला मधला दुवा पुढे आणला. अस्तर पेशींमध्ये हे काम करणाऱ्या लॉक या किनेजचा शेवटचा भाग फर्म डोमेन आणि शेपूट यांच्या मध्ये पाचरीसारखा शिरतो, दोघांना थोडे दूर करतो, आणि तेवढ्या फटीतून किनेज थ्रिओनीनपर्यंत पोहोचते. पीआयपी२ नसेल तर ही पाचर बसत नाही. थ्रिओनीनच्या दोन जागा आधी, म्हणजे ५६५ ला, असलेले टायरोसीन कोणत्या किनेजला प्रवेश मिळेल हे ठरवते, आणि ते बदलले तर इतर किनेजही तेथे फॉस्फेट लावू लागतात. लिपिड आणि नेमके किनेज या दोघांची एकाच ठिकाणी गाठ पडली तरच एझ्रिन सक्रिय होते, आणि म्हणूनच अस्तर पेशीत सक्रिय एझ्रिन फक्त पोकळीकडच्या वरच्या पटलावर आढळते.

हे लक्षात घेतले, की ५६७ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल घातलेले रूप पूर्ण सक्रिय का मानता येत नाही ते कळते. पहिले कारण रासायनिक आहे. ॲस्पार्टेटचा ऋणभार फॉस्फेटपेक्षा कमी आणि आकार लहान, त्यामुळे पकड सैल होते पण पूर्ण सुटेल याची हमी नाही. शेपूट मोठ्या क्षेत्रावर पसरलेली असताना एका जागच्या अडथळ्याने ती सगळीच्या सगळी उचलली जाईल, असे मानण्याचे कारणच नाही. दुसरे कारण पेशीतील आहे, आणि मला ते अधिक गंभीर वाटते. खऱ्या एझ्रिनवरचा फॉस्फेट मिनिटांच्या हिशेबात लावला आणि काढला जात असतो, आणि किनेज वरच्या पटलाशी असल्यामुळे ही उलाढाल तेथेच घडते. बदललेले रूप या चक्रातून बाहेर पडते, आणि त्यामुळे ते जागच्या जागी राहत नाही, बाजूच्या आणि खालच्या पटलावरही पसरते. अशा पेशीत दिसलेला परिणाम सक्रियतेचा आहे की चुकीच्या जागी असण्याचा, हे वेगळे काढता येत नाही. आपल्याला रचनेविषयीचा प्रश्न विचारायचा असेल तर शुद्ध किनेजने फॉस्फेट जोडलेले प्रथिन आणि पीआयपी२ असलेले लिपिडांचे पुटके एकत्र घ्यावेत. ॲस्पार्टेटचे रूप तुलनेसाठी ठेवावे, आधार म्हणून नव्हे. भागीदार कुठे बसतो एवढेच पाहायचे असेल तर नुसते फर्म डोमेन पुरते, आणि त्यातून मिळणारे उत्तर अधिक स्वच्छ असते.

मधल्या सर्पिलांच्या पट्ट्याविषयीही सांगायला हवे, कारण आपण पाहिलेल्या दोन्ही रचनांत तो नाही. त्याचे स्पष्ट दर्शन २००७ मध्ये झाले, तेही माणसाच्या नव्हे तर स्पोडोप्टेरा या पतंगाच्या मोएसिनमध्ये. संपूर्ण लांबीच्या त्या सुप्त प्रथिनात हा पट्टा मध्येच दुमडून स्वतःशीच उलट दिशेने पीळ घालतो आणि फर्म डोमेनच्या झाकण्यातही भाग घेतो. तो निव्वळ जोडदोरा नाही. शेपूट सुटल्यावर हा पीळ उलगडत असेल तर प्रथिनाच्या लांबीत फार मोठा फरक पडेल. अल्फा-सर्पिलात दर अमिनो आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉम लांबी वाढते, म्हणून १७० अमिनो आम्लांचे एकच सरळ सर्पिल झाले तर ते सुमारे २५ नॅनोमीटर लांब होईल. प्रत्यक्षात एवढी लांबी होतेच असे नाही, ही वरची मर्यादा आहे. पण पीआयपी२ आणि ॲक्टिन तंतूंना बांधलेले एझ्रिन द्रावणात उघड्या, लांबट रूपात असते, हे २०१२ मध्ये न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून ‘उघडणे’ हा शब्द ज्या मोठ्या हालचालीसाठी वापरला जातो, ती आपल्या संगणकावरच्या दोन फर्म डोमेनांत सापडण्यासारखी नव्हतीच. ती हालचाल या पट्ट्यात आणि शेपटीत होते.

या रचनेचा आजारांशी संबंध आहे का, असे आपण शेवटी विचारले आहे. रॅडिक्सिनच्या जनुकातील दोष जन्मजात बहिरेपणाच्या एका प्रकाराशी जोडलेले आहेत. मोएसिनचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि २०१६ मध्ये त्यातील एका बदलामुळे होणारा प्रतिकारशक्तीच्या कमतरतेचा आजार वर्णिला गेला. त्यातील रुग्ण मुलग्यांमध्ये लसिकापेशींची संख्या फार कमी असते. हा बदल म्हणजे १७१ व्या जागचे आर्जिनिन जाऊन तेथे ट्रिप्टोफॅन येणे. १७१ ही जागा एफ२ खंडात, सक्रिय होताना हलणाऱ्या १५५ ते १८० या पट्ट्यात पडते. एवढ्यावरून हा आजार सक्रियतेच्या बिघाडाचा आहे असे म्हणणे घाईचे होईल, कारण जागा जुळणे हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण शेपूट असताना आणि नसताना या बदललेल्या एफ२ ची घट्टता मोजणे हा करण्याजोगा प्रयोग आहे, आणि आपल्यासारख्या संशोधकाने तो हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी स्फटिकांची वाट पाहण्याची गरज नाही. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (हायड्रोजनचे जड रूप) किती वेगाने शिरते हे वस्तुमान वर्णपटाने मोजले, तर प्रथिनाचा कोणता पट्टा सैल आहे हे द्रावणातच कळते. मोकळे फर्म डोमेन, शेपटीसह फर्म डोमेन आणि ईबीपी५० च्या टोकासह फर्म डोमेन, असे तीन नमुने एकाच दिवशी, एकाच तापमानाला आणि एकाच बफरमध्ये मोजावेत. वर सांगितलेले चार पट्टे पहिल्या नमुन्यात सैल आणि उरलेल्या दोन्हींत घट्ट निघायला हवेत, आणि एफ१ तिन्हींत सारखा राहायला हवा. ईबीपी५० च्या नमुन्यात एफ३ घट्ट झाला आणि एफ२ सैलच राहिला, तर एफ२ मधली जागा भरणारा भागीदार वेगळा आहे असे समजावे आणि त्याचा शोध तेथून सुरू करावा.